शिकणाऱ्याचे अंगण

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर संध्याकाळी हे ऐकायला मिळते. अकरा-बारा वर्षांचा मुलगा लागोपाठ दोनदा त्रिफळाचीत होतो, "बॅट जड आहे" म्हणतो, आणि कडेला बसलेल्या मोठ्यांपैकी कुणीतरी ताबडतोब उत्तर देतो, "नाचता येईना, अंगण वाकडे." सगळे हसतात, मुलगा गप्प होतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. माझ्या मते तो मिटायला नको. ही म्हण ज्याला नाचता येते, किंवा येते असे जो सांगत फिरतो, त्याच्या सबबीवर बोट ठेवते. ज्याने पाऊल टाकायला आजच सुरुवात केली आहे, त्याच्यासाठी अंगण सपाट आहे की नाही हाच पहिला प्रश्न असतो. वाकड्या अंगणात तो पडेल ही भीती लहान आहे. तो वाकडे नाचायला शिकेल आणि मग सपाट अंगणातही वाकडाच नाचेल, ही भीती मोठी आहे.

या लेखात मी एकच गोष्ट मांडणार आहे. नवशिक्याचे साहित्य किमतीवरून निवडायचे नसते, आणि ‘साहित्याने काय होते’ म्हणून सोडूनही द्यायचे नसते. ते एका कसोटीवर निवडायचे असते : हे साहित्य शिकणाऱ्याच्या अंगात चूक घडवते का? उदाहरण क्रिकेटच्या बॅटचे घेतो, कारण आपल्या गावात पोरे तोच खेळ खेळतात. पण मुद्दा बॅटपुरता नाही.

१. दोन मते, एकच चूक

साहित्याबद्दल आपल्याकडे दोन मते चालतात. पहिले साधेपणाचे : खेळ अंगात असला की माणूस काठीनेही खेळतो, साहित्य हे चोचले. दुसरे हौसेचे : एकदाच चांगली, महागाची बॅट घेऊन द्या, म्हणजे पोराचा खेळ सुधारेल. ही दोन्ही मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे वाटते, पण दोघांची मोजपट्टी एकच आहे : किंमत. एकाला कमी खर्च शहाणपणाचा वाटतो, दुसऱ्याला जास्त खर्च प्रेमाचा वाटतो. पोराची उंची किती, मनगटात जोर किती, तो कोणत्या चेंडूने आणि कोणत्या जमिनीवर खेळणार, हे दोघेही विचारत नाहीत. म्हणून पहिल्याच्या घरी काकाची जुनी, पूर्ण मापाची बॅट पोराच्या हाती येते, आणि दुसऱ्याच्या घरी यवतमाळहून किंवा अमरावतीहून आणलेली नवी, पूर्ण मापाची बॅट येते. पैशांचा फरक मोठा असतो, पण पोराच्या मनगटावर पडणारा भार तोच राहतो.

२. साहित्याची दोन कामे आणि तीन जाती

साहित्य खेळाडूसाठी दोन कामे करते. ते फटक्याचे फळ देते, म्हणजे चेंडू किती दूर गेला ते ठरवते. आणि ते फटक्याची बातमी देते : चेंडू मिडलला लागला की कट लागला, हात वेळेवर आला की उशिरा, तोल पुढे होता की मागे. तयार खेळाडूला फळ हवे असते, कारण बातमी त्याच्या अंगाला आधीच कळलेली असते. शिकणाऱ्याला आधी बातमी हवी. त्याला शंभर फटक्यांतून शंभर निरोप मिळायला हवेत, आणि ते खरे असायला हवेत.

चुकीशी असलेल्या नात्यावरून साहित्याच्या तीन जाती करता येतात. काही साहित्य चूक दाखवते. काही साहित्य चूक झाकते, निदान तिची शिक्षा कमी करते. आणि काही साहित्य चूक घडवते : शिकणाऱ्याने मनात बरोबर ठरवले तरी अंगाकडून चुकीचेच करून घेते. पहिल्या दोहोंपैकी कोणते किती घ्यावे यावर वाद होऊ शकतो. तिसऱ्याबद्दल मात्र वादाला जागा नाही, ते नवशिक्याच्या हातात जाताच कामा नये. आणि दुर्दैवाने आपण त्याच्या हातात बहुधा तेच देतो.

३. गोल्फकडून घेण्यासारखे

गोल्फ हा नेरच्या माणसाला दूरचा खेळ आहे. पण नवशिक्याच्या साहित्याचा विचार त्या खेळाने फार कसून केला आहे, म्हणून तिकडे थोडे वळून पाहतो.

पहिली गोष्ट म्हणजे गोल्फमध्ये कच्चेपणाला आकडा आहे. त्याला हँडिकॅप म्हणतात. खेळाडू जेवढा कच्चा, तेवढे जास्त फटके त्याला हिशेबात सवलत म्हणून मिळतात. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत ही मर्यादा ५४ पर्यंत आहे. म्हणजे नवशिका हा कमी प्रतीचा खेळाडू नसून खेळाच्या एका टप्प्यावरचा माणूस आहे, हे त्या खेळाच्या नियमातच मान्य केलेले आहे. आपल्या मैदानांवर त्याच टप्प्याला नाव आहे ते फक्त टोमण्याचे.

दुसरी गोष्ट क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, घडणीची. जुन्या घडणीच्या लोखंडी क्लबमध्ये पात्याचे वजन मधोमध एकवटलेले असते. चेंडू मध्यावर लागला तर उत्तम, पण जरा बाजूला लागला की पाते हातात पिळते, बोटांना झिणझिण्या येतात आणि चेंडू भलतीकडे जातो. नवशिक्यांसाठीच्या क्लबची पाठ पोखरून तेच वजन कडांकडे नेलेले असते. कडांना वजन असले की पाते सहज पिळत नाही, त्यामुळे चुकलेला फटकाही बराचसा सरळ जातो. ही कल्पना रुजवणाऱ्यांत कार्स्टन सोल्हाइम हे नाव मोठे आहे. नॉर्वेत जन्मलेला हा अमेरिकन अभियंता जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता. त्याला स्वतःला पटिंग, म्हणजे चेंडू हळूच ढकलून छिद्रात घालणे, जमेना, म्हणून १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये त्याने दोन्ही टोकांना वजन असलेला पटर घडवला. चेंडूवर बसला की तो पिंग असा वाजायचा, त्यावरून त्याने त्याचे नाव ‘पिंग’ ठेवले. या माणसाने अंगणाला दोष देऊन विषय सोडला नाही आणि स्वतःलाही नालायक ठरवले नाही. त्याने अंगण मोजले.

तिसरी गोष्ट मर्यादेची. गोल्फमध्ये एका फेरीत १४ पेक्षा जास्त क्लब नेता येत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ पासून आणि ब्रिटनच्या आर अँड ए संस्थेने १९३९ पासून लावला. त्याआधी खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरू लागले होते. कौशल्याने काढायचा फटका वेगळे हत्यार काढून मारायचा, अशी सवय लागत होती. नवशिक्याला तर १४ ही लागत नाहीत, निम्म्यात काम भागते. साहित्य किती असावे याचे उत्तर ‘जेवढे परवडेल तेवढे’ असे नसते. जेवढ्याची बातमी शिकणाऱ्याला पचेल, तेवढेच.

पण गोल्फमधलाही पहिला नियम पोखरलेल्या पाठीचा नाही, मापाचा आहे. दांड्याची लांबी उंचीला धरून हवी, आणि दांड्याची लवचीकता हाताच्या वेगाला धरून हवी. ताठ दांडा वेगवान हाताच्या खेळाडूसाठी असतो. सावकाश फिरणाऱ्या हातात तो दिला तर बराच जोर वाया जातो. आपल्या बॅटचा प्रश्न नेमका इथेच येऊन मिळतो.

४. ‘वाढत्या अंगाची’ बॅट

आपल्या घरांत शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा घेतात. दोन बोटे सैल असला तरी बिघडत नाही, पुढच्या वर्षी बसतो. कष्टाच्या पैशाची ही खरी काटकसर आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण बॅटला तीच रीत लावली की घोटाळा होतो. सैल शर्ट अंगाला काही शिकवत नाही. लांब बॅट रोज शिकवते, आणि उलटे शिकवते.

साडेचार-पावणेपाच फुटांचा एक मुलगा पूर्ण मापाची बॅट घेऊन उभा आहे, तो नीट पाहा. बॅटची मूठ त्याच्या पोटाला अडते, म्हणून तो हात खाली सरकवून मुठीच्या मध्याला धरतो. वरचे तीन-चार इंच लाकूड कोपराच्या आड येते, त्यामुळे कोपर बाहेर फाकते. बॅट मागे उचलताना वरच्या हाताला भार झेपत नाही, म्हणून सगळे काम खालचा हात करतो आणि बॅट सरळ मागे न जाता गलीच्या दिशेने तिरकी जाते. गोलंदाज धावत येतो तेव्हा थकून मुलाने बॅट जमिनीवर टेकवलेली असते, मग उचलायला उशीर होतो. उशीर भरून काढायला तो बॅट आडवी ओढतो. सरळ टप्प्याच्या चेंडूवर आडवी बॅट येते आणि यष्टी जाते. कडेचा माणूस म्हणतो, "बॅट सरळ आण ना रे." पोराला सरळ आणायची इच्छा आहे, पण लाकूड येऊ देत नाही.

ही चूक वारंवार झाली की तिची सवय होते. दोन वर्षांनी मुलगा उंच होतो, बॅट मापाची ठरते, घरचे म्हणतात पाहा, पैसे वसूल झाले. पण कोपर फाकलेलेच राहते, बॅट गलीकडूनच येते. आता ती चूक काढायला प्रशिक्षकाला जितका वेळ लागेल, तितक्या वेळात नवा मुलगा पहिल्यापासून शिकून तयार होईल.

मापाचा हिशेब अवघड नाही. पूर्ण मापाची, म्हणजे शॉर्ट हँडल बॅट सुमारे साडेतेहतीस इंच लांब असते. ५ नंबरची पावणेएकतीस इंचांच्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण साधारण असे धरावे : साडेचार ते पावणेपाच फुटांच्या मुलाला ४ नंबर, पाच फुटांपर्यंत ५, सव्वापाचपर्यंत ६, साडेपाचपर्यंत हॅरो, आणि त्यापुढे शॉर्ट हँडल. दुकानात पट्टी नसली तरी चालेल. बॅट पायाशेजारी उभी केली तर मुठीचे टोक मांडीच्या वरच्या भागाशी यावे, पोटाला टेकू नये.

५. वजनकाट्यावर न दिसणारे वजन

‘जड’ या शब्दानेही आपली फसगत होते. दोन बॅटींचे वजन काट्यावर सारखे भरते, तरी एक हातात हलकी लागते आणि दुसरी जड. कारण फिरणाऱ्या वस्तूचा विरोध नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन हातापासून किती लांब आहे यावरही तो ठरतो, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. बॅटमधले १०० ग्रॅम लाकूड हातापासून ६० सेंटीमीटरवर आहे असे धरा. तेच ७० सेंटीमीटरवर नेले तर ते फिरवायला ३६ टक्के जास्त जोर लागतो : ४९०० भागिले ३६००. काटा मात्र दोन्ही वेळा शंभरच ग्रॅम दाखवेल. टोकाकडे पोट असलेली, मोठ्यांना षटकार मारायला आवडणारी बॅट लहान हातात इतकी जड का होते, याचे उत्तर या आकड्यात आहे. पाणी भरलेली बादली अंगाजवळ धरून चालणे आणि हात लांब करून धरणे यातला फरक विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बॅट घेताना आपण तो विसरतो.

म्हणून पारख अशी करावी. मुलाच्या फक्त वरच्या हातात, उजव्या फलंदाजाच्या डाव्या हातात, बॅट द्यावी. त्याने ती हळू सरळ मागे उचलावी, दहा अंक मोजेपर्यंत धरावी आणि हळूच खाली आणावी. मनगट वळले, टोक बाहेर झुकले किंवा खांदा वर आला, तर ती बॅट त्याची नाही, मग ती कितीही नावाजलेल्या कंपनीची असो.

आपल्या आखाड्यांना हे फार आधी कळले होते. वस्ताद नव्या पोराच्या हाती मोठा मुद्गल देत नाही. हलक्यापासून चढत जातो. शेतकऱ्यालाही कळते. गोऱ्हा कितीही अंगाने भरलेला दिसला तरी त्याला पहिल्याच दिवशी नांगराला कुणी जुंपत नाही. आधी हलक्या कामाला, मुरलेल्या बैलाच्या जोडीने. गोऱ्ह्याची खांद खराब होईल म्हणून जपणारा माणूस पोराच्या मनगटाचा विचार का करत नाही?

६. लाकूड आणि तेल

बॅट विलोच्या लाकडाची असते. इंग्लिश विलो मऊ, तंतूदार आणि महाग. काश्मिरी विलो साधारणपणे टणक, किंचित जड आणि स्वस्त. इंग्लिश विलोच्या प्रती बऱ्याच अंशी दिसण्यावरून पाडतात : रेषा किती सरळ, डाग किती कमी. वरच्या प्रतीचे पैसे पुष्कळदा देखणेपणाचे असतात. शिकणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. टेनिस बॉलसाठी तर काश्मिरी विलोच योग्य, पण मापाची आणि हलकी निवडलेली. एका मापाच्या दहा काश्मिरी बॅटी उचलून पाहाव्या. त्यांत शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक सहज निघतो. पैसे तेवढेच पडतात, फक्त उचलून पाहण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

लेदर बॉलची बॅट मात्र घेतल्या दिवशी खेळायची नसते. तिला कच्चे जवसाचे तेल लावायचे. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचे. चमचाभर तेल फडक्यावर घेऊन पुढची बाजू, कडा आणि टोक यांवर पातळ पुसायचे; मुठीच्या सांध्याला लागू द्यायचे नाही; रात्रभर आडवी ठेवायची. मग लाकडी हातोडीने किंवा जुन्या चेंडूने हळूहळू ठोकत पाच-सहा तास बॅट मुरवायची, कडा तिरप्या कोनात गोल करायच्या. हे काम मुलाकडूनच करून घ्यावे. ठोकताना लाकडाचा आवाज जागोजागी बदलतो : टोकाशी बद्द, कडेला कोरडा, मिडलला भरीव. हा आवाज एकदा कानात बसला की मैदानावर त्याला कुणी सांगावे लागत नाही. चेंडू कुठे लागला ते बॅटच सांगते. दुसऱ्या कलमात जिला बातमी म्हटले ती हीच.

७. चेंडू हा मोठा गुरू

बॅटीवर एवढे पैसे घालून चेंडूचा विचार न करणे ही आणखी एक चूक. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू नियमाप्रमाणे सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. महिलांचा सुमारे १४० ते १५१ ग्रॅमचा, आणि लहान मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. क्रिकेटच्या कायद्यातच वयानुसार चेंडू वेगळा सांगितला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? टेनिसने तर याहून पुढचे पाऊल टाकले. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरता येत नाही. त्याऐवजी लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे मंद चेंडू. नेहमीचा चेंडू लहान मुलाच्या डोक्यावरून उसळतो, म्हणून तो मागे पळत आडवेतिडवे मारत राहतो. मंद चेंडू कमरेच्या उंचीला येतो, म्हणून तो मोठ्यांसारखाच सरळ फटका शिकतो. मुलाला चेंडूपर्यंत ताणण्यापेक्षा चेंडू मुलापर्यंत आणणे शहाणपणाचे, हे एका जागतिक संघटनेने नियमात लिहून टाकले.

आपल्याकडे उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटली गेली की मोकळ्या वावरात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे लेदर बॉलच्या जवळपास एक तृतीयांश. तो लहान हाताला झेपतो, भीती वाटू देत नाही, भरपूर खेळू देतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो वेगळा खेळ आहे हे ओळखावे. तो उंच उसळतो, म्हणून उचलून मारायची सवय लावतो. शिवण नसल्याने चेंडूची वळणे शिकवत नाही. ज्या मुलाला पुढे शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या संघात जायचे आहे, त्याला बारा-तेरा वर्षांचा असतानाच लहान मापाच्या लेदर बॉलची ओळख व्हायला हवी.

८. आधी काय घ्यावे

दुकानात गेल्यावर पैसा आधी बॅटीवर जातो आणि उरला तर बाकीच्यावर. लेदर बॉल खेळायचा असेल तर हा क्रम उलटा करायला हवा : आधी ॲबडॉमिनल गार्ड आणि हेल्मेट, मग हातमोजे, मग पॅड, शेवटी बॅट. यामागे फक्त सुरक्षिततेचा विचार नाही, शिकण्याचाही आहे. घाबरलेला मुलगा चेंडू येताना मान फिरवतो आणि पाय लेगच्या बाजूला काढतो, आणि ही चूक जड बॅटइतकीच खोल रुजते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून गेला, तेव्हा जगभर हेल्मेटच्या मानेकडच्या भागाचा फेरविचार झाला. हेल्मेट तर वाढत्या अंगाचे कधीच घेऊ नये. सैल हेल्मेट पळताना डोळ्यांवर घसरते. बुटांबाबतही तेच : सिमेंट किंवा मॅटिंगवर रबरी तळवा हवा, खिळ्यांचे बूट गवताच्या खेळपट्टीसाठी.

९. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : थोर खेळाडू कशानेही शिकले. डॉन ब्रॅडमनचे नाव घेतले जाते. बाउरल गावी लहानपणी तो पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू मारायचा आणि परत येणारा चेंडू स्टंपने खेळायचा. ही गोष्ट खरी आहे, पण ती माझ्या बाजूची साक्ष आहे. स्टंप हलका, मुलाच्या मनगटाला झेपणारा, बारीक आणि निष्ठुर प्रामाणिक. तो चूक दाखवतो, घडवत नाही. खर्च जवळपास शून्य, तरी निवड अचूक. कमी पैशात योग्य साहित्य मिळू शकते, एवढेच ब्रॅडमनने सिद्ध केले. अयोग्य साहित्य चालते, हे नाही.

दुसरा आक्षेप जवळचा आहे : उमेश यादवकडे काय होते? वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, जवळपास विशीपर्यंत टेनिस बॉल खेळला, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी. त्याच्या कष्टांपुढे मी मान लववतो. पण हलक्या चेंडूने खांदा न मोडता वेग घडवणे हे वयाला शोभेल असेच साधन होते. आणि दुसरे, आपल्याला उमेश दिसतो, कारण तो पोचला. त्याच्यासारखा खांदा असलेले आणि विशीपर्यंत लेदर बॉल हाताला न लागल्याने मागे राहिलेले किती, ते कुठल्याच धावफलकावर नाही. जो वाचला त्याच्यावरून रस्ता सुरक्षित ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप : चूक झाकणारे साहित्य मुलाला आळशी करते. हा गंभीर आक्षेप आहे आणि अर्धा बरोबर आहे. जाड कडांच्या बॅटने कट लागून चौकार गेला तर मुलगा तो फटका मानू लागतो. म्हणूनच मी रुंद, जाड, जोरदार बॅट मागत नाही, मापाची मागतो. शिक्षा सौम्य करणे आणि बातमी दाबणे यांत फरक आहे. सौम्य शिक्षेमुळे मूल खेळात टिकते, पण बातमी दाबली तर खेळ वाढत नाही. किती सौम्य करायचे ते प्रशिक्षकाने आणि पालकाने मुलाकडे पाहून ठरवावे.

चौथा आक्षेप : अशाने सबबी सांगायची सवय लागेल. उलट होईल. बॅट मापाची, चेंडू वयाचा, हेल्मेट घट्ट, असे एकदा झाले की सबब सांगायला जागाच राहत नाही. मग मुलाला आपण खऱ्या अर्थाने म्हणू शकतो : आता अंगण सपाट आहे, नाच.

पाचवा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : दरवर्षी नवी बॅट कुठून आणायची? कापूस आणि सोयाबीनच्या भावावर ज्यांचे घर चालते, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. त्याचे उत्तर एका घराने द्यायचे नाही, गावाने द्यायचे आहे.

१०. नेरने काय करावे

मुलाची बॅट ही त्याची कायमची मालमत्ता नाही, कारण तो ती दीड-दोन वर्षांत ओलांडतो. पाठ्यपुस्तके जशी वरच्या वर्गातून खालच्या वर्गात यायची, तशी बॅट यायला हवी. एखाद्या शाळेने किंवा मंडळाने ४, ५, ६ नंबर आणि हॅरो अशा प्रत्येक मापाच्या दोन-दोन बॅटी, लहान मापाची दोन हेल्मेट, हातमोजे, पॅड आणि लहान लेदर बॉल एका पेटीत ठेवले, वहीत नोंद करून दिले-घेतले, तर वीस-पंचवीस मुलांची सोय होते. हा खर्च आपल्याला न झेपणारा नाही. उन्हाळ्यात तालुक्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात आणि पहिल्या बक्षिसाच्या रकमेचे फलक चौकात लागतात. त्या रकमेचा एक भाग दरवर्षी या पेटीसाठी काढला तर बक्षीस थोडे लहान होईल, पण पुढच्या दहा वर्षांचे खेळाडू त्यातून उभे राहतील.

या पेटीत मुलींचा वाटा पहिल्या दिवसापासून धरावा. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, त्या रात्री आपल्याही घरांत मुली टीव्हीसमोर जागत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या ज्या मैदानावर आल्या, त्यांच्या हातात भावाची बॅट होती. ती बॅट आधी भावालाच मोठी होती. बहिणीला ती आणखी मोठी पडते. मग दोन दिवसांत ती खेळ सोडते आणि आपण म्हणतो, मुलींना आवड नसते. इथे ‘अंगण वाकडे’ म्हणण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी करंडक जिंकला. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या अक्षय कर्णेवारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-२० सामन्यात चार षटके टाकून एकही धाव दिली नाही. गुणवत्ता आपल्या मातीत आहे, हे आता कुणाला सिद्ध करून दाखवायचे राहिलेले नाही. राहिले आहे ते तिच्या पहिल्या दोन-तीन वर्षांची काळजी घेणे.

नेरमधल्या आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे. यंदा बॅट घ्यायला दुकानात जाल तेव्हा मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. बॅट स्वतः उचलून पाहू नका; ती त्यांच्या एका हातात द्या, दहा अंक मोजा आणि मनगटाकडे पाहा. मनगट हलले, तर ती बॅट परत ठेवा.